गव्हर्नरपदाची उमेदवार आणि मी

शारजाला उतरले तेव्हा सकाळचे जेमतेम नऊ वाजले होते, पण ऊन साताऱ्याच्या भर दुपारचं होतं. भाची अदिती न्यायला आली होती. तिचं घर अल नहदा भागात, चौदाव्या मजल्यावर. खाली पाहिलं तर दुबईकडे जाणाऱ्या गाड्या जागच्या जागी उभ्या.

"मावशी, हा डेलीचा ट्रॅफिक आहे. समोर दिसतंय ते दुबई, पण पोचायला तासभर," अदिती म्हणाली.

तिची तेरा वर्षांची इरा अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळेत जाते. त्या आठवड्यात तिच्या इतिहासाच्या वर्गात निवडणूक रंगली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ, अमेरिकेतलं एक राज्य आणि त्याच्या गव्हर्नरपदाचे तीन उमेदवार. प्रत्येकाची दोन भाषणं, मग मतदान. त्या काळी तिथल्या बहुतेक राज्यांत बायकांना मत नव्हतं, म्हणून वर्गातही मतपत्रिका फक्त मुलग्यांना. इरा उमेदवार होती आणि तिला जिंकायचंच होतं.

तिनं मला पहिलं भाषण वाचून दाखवलं. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेली मी गप्प बसते होय!

"अगं, राज्यपाल कधी निवडून येतो का? त्याला राष्ट्रपती नेमतात. लोकांकडे मतं कसली मागतेस?"

"बट आजी, टीचर सेड इलेक्शन!"

"टीचरचं राहू दे. मी सांगते ते लिही."

अदिती ऑफिसच्या कॉलवर होती. इरानं मुकाट्यानं भाषण बदललं. मतदारांना बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांना नेमणुकीची विनंती केली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती थेट खोलीत गेली. सगळा वर्ग पोट धरून हसला होता. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोकच निवडतात, तेव्हाही आणि आजही. आपल्याकडचा धडा मी बिनदिक्कत तिकडे लावला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इरा, चुकले गं मी," मी दाराशी उभी राहून म्हणाले.

"इट्स ओके, आजी," आतून आवाज आला. आवाजावरून तसं काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी अदितीनं आम्हाला अल मजाजला पाण्याकाठी फिरायला नेलं. तिथल्या छोट्या कॅफेटेरियात करक (उकळून दाट केलेला दुधाचा चहा) आणि गरम पराठे घेतले. आमचं मराठी ऐकून मालक इब्राहिमभाई बाहेर आले. दापोलीकडचे. मी माझा पराक्रम त्यांना सांगून टाकला. ते खूप हसले.

"बेटी, अजून एक भाषण आहे ना? मग खलास (संपलं) कुठं? आमचं बघ. मी वीस वर्षं इथं. गावात निवडणूक लागली की फोनवर ऐकायचं. यादीत नाव आहे, पण त्या दिवशी मी कधी तिथं नसतो."

इरानं कप खाली ठेवला. "सो यू आर लाइक द गर्ल्स इन माय क्लास."

"तसंच समज," ते म्हणाले. इरा परतीच्या वाटेवर गाडीत फोनवर काहीतरी टाइप करत राहिली.

मतदानाला पालकांना बोलावलं होतं. अदितीसोबत मीही मागच्या बाकावर बसले. इरा इंग्रजीत बोलली. माझ्या आजीच्या देशात गव्हर्नर नेमतात, म्हणून परवा मी चुकले, असं तिनं आधीच सांगून टाकलं. मग मुलींकडे हात केला. या मतं देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मी तुमच्याकडे मागते आहे. मला निवडून दिलंत तर माझं पहिलं काम म्हणजे यांच्या हातात मतपत्रिका देणं. या वेळी कोणी हसलं नाही.

इरा एका मतानं हरली. मतपत्रिका न मिळालेल्या सगळ्या मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मला रडू आवरेना.

"इफ दे हॅड व्होट्स, आजी?" गाडीत तिनं विचारलं.

"जिंकली असतीस." तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मला माफी मिळाली.

निघताना विमानतळावर तिनं सहज विचारलं, "आजी, यू कॅन व्होट. यू ऑलवेज गो, राइट?"

खोटं बोलता आलं असतं. "मागच्या वेळी नाही गेले गं. रांग मोठी होती, कंटाळा आला."

तिनं धरलेला माझा हात सोडला. साताऱ्याला येऊन महिना झाला. फोनवर ती छान बोलते, शाळेचं सगळं सांगते. फक्त निवडणुकीचा विषय निघाला की फोन अदितीकडे देते. मी चुकीचं शिकवलं ते तिनं दोन दिवसांत माफ केलं. हे मात्र अजून केलेलं नाही, आणि तिचंच बरोबर आहे.