खिडकीखालून जाणाऱ्या मेंढ्या

आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. चौकात कुणी उतारा टाकला की आमच्या गल्लीतल्या बायका वळसा घालून जातात. मी एकदा त्यातला नारळ उचलून आणला आणि त्याची चटणी केली. चांगली झाली होती! शिवाय मी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते, ध्वनीचा धडा तर मला तोंडपाठ आहे. म्हणूनच हे लिहायला इतके महिने गेले... लोक म्हणतील, बघा, ही पण त्यातलीच निघाली.

आमचं घर चिकलठाण्यात, विमानतळाच्या अलीकडे, जालना रोडपासून जरा आत. खाली आम्ही तिघं — मी, नवरा सुभाष आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचा जन्म मेंढ्यांमागे फिरण्यात गेला. गाव शेंद्र्याजवळ. तिथली जमीन कारखान्यांसाठी गेली, चारायला रान उरलं नाही, तेव्हा मेंढ्या विकून ते आमच्याकडे आले. येताना काठी, घोंगडं आणि लोकर कातायची चाती एवढंच घेऊन आले. अलीकडे त्यांना विसरायला होत होतं. जेवण झालं तरी ताटाची वाट बघत बसायचे.

वरच्या मजल्यावर मागच्या वर्षी मिस्टर हान भाड्याने राहायला आले. कोरियाचे, पन्नाशीचे, एकटे. शेंद्र्याच्या एका कंपनीत मशिनी बसवायच्या कामावर. पहिल्याच आठवड्यात नळाला पाणी आलं आणि गल्लीतली पळापळ बघून त्यांना वाटलं आग लागली. तेही बादली घेऊन धावत खाली! पुढे पुढे पाण्याचा दिवस त्यांना आमच्यापेक्षा पक्का ठाऊक असायचा. ठेचा तर असा खायचे की बघून आमच्या डोळ्यांत पाणी यावं. आणि "जेवलात का?" हा प्रश्न त्यांना फार आवडला. त्यांच्याकडेही म्हणे माणूस भेटला की हेच विचारतात.

आबांनी त्यांचं नाव लगेच बदलून टाकलं. "हान म्हंजी हणमंताच की!" दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नसे, तरी सकाळचा चहा ओट्यावर सोबतच. हान मोडकं इंग्रजी बोलायचे, ते मी आबांना सांगायची.

एका सकाळी आबा आंघोळीला गेले असताना हान जिन्यात थांबून म्हणाले, "मॅडम, तुमच्या मेंढ्या फार छान. मला अलार्म लावावा लागत नाही."

"कुठल्या मेंढ्या?"

"रोज जातात, माझ्या खिडकीखालून. खूप घंट्या. शेवटची एक हळू... टुक... टुक... तिचा पाय बरा नाही वाटतं."

आमच्या घरामागे एका बंद कारखान्याची भिंत आहे आणि मधे हातभर बोळ. तिथून मांजरसुद्धा अंग चोरून जातं, मेंढ्या कुठून जाणार? मी त्यांना समजावलं — पलीकडे कुणाच्या तरी शेळ्या असतील, आवाज भिंतीवर आदळून तुमच्याकडे येत असेल. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम वर गेले आणि त्यांच्यासोबत खिडकीत उभी राहिले. टँकरचा हॉर्न, विमानाची घरघर, बाकी काही नाही.

"नाऊ," हान म्हणाले. त्यांचं बोट डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकायला लागलं, वरात चालली असताना लहान मुलं दाखवतात ना, तसं. मग थांबले, आणि बोट पुन्हा एकदा तसंच सरकलं. "लास्ट वन." खाली बोळात प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा हलत नव्हती. चहा ठेवायचं निमित्त करून मी खाली आले. आबांना तर यातलं काहीच सांगितलं नाही.

पण झाकून किती दिवस राहणार? एकदा चहा पिताना हानच म्हणाले की मेंढ्यांसोबत एक माणूसही असतो, तो असा ओरडतो... आणि त्यांनी तोंडाने आवाज काढून दाखवला — "हुर्रर्र... ह्याऽ ह्याऽ... च्यक च्यक."

आबांच्या हातातली चाती थांबली.

"पोरी, ही हाळी ह्याला कुणी शिकिवली?"

"कुणी नाही आबा. ऐकली असेल कुठंतरी."

"कुठंतरी कशी ऐकंल? घराघराची हाळी येगळी असती. ही माझ्या बापाची हाय. मी बी हीच घालायचो. मेंढरं इकल्यापासून तोंडातनं काढली नाय." मग ते हानकडे वळले. "हणमंता, लंगडी हाय का रं त्यात?"

लंगडीबद्दल आबांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आबांना दुसरं काही सुचेना. उठले की जिन्याखाली उभे. "आल्या का?" हान वरून मान हलवायचे. मग आबा घरातल्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसून राहायचे, ना जेवणाची शुद्ध ना गोळ्यांची. मला भीती वाटायला लागली... मेंढ्यांची नाही, आबांची. विसराळू म्हातारं माणूस एकदा उंबरा ओलांडून गेलं तर एवढ्या शहरात शोधायचं कुठं? सुभाष तर वैतागलाच. वर जाऊन त्याने हानना बजावलं — उद्यापासून सांगायचं, मेंढ्या येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. "आल्या का?" आबांनी विचारलं.

"नो, आबा. नो शीप," हान खाली बघत म्हणाले. मी सांगायची गरज पडली नाही, आबांना कळलं.

"मंग मलाच जावं लागंल," म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं बोलणं समजून मी भाजी फोडणीला टाकायला आत गेले.

दुपारी जेवायला हाक मारली तर ओटा रिकामा. कोपऱ्यात काठी नाही. खुंटीवर घोंगडं नाही. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि या माणसाने घोंगडं नेलं होतं! सुभाष मोटारसायकलवर विमानतळापर्यंत जाऊन आला. पोलीस चौकीत नाव देऊन आला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने कॅमेऱ्यात दाखवलं — आबा सकाळीच जालना रोडकडे निघाले होते. मधेच थांबून मागे बघायचे, कुणीतरी मागं राहिल्यासारखं. मग पुन्हा चालायला लागायचे.

शेजारच्या शबानाभाभी घाम पुसत आल्या. "बस स्टॉप पे भी देख के आई मैं, नहीं हैं वहाँ. नक्को रोओ भाभी, मिल जाते."

तेवढ्यात हान धावत खाली आले. चेहरा पांढरा पडलेला. "मॅडम, आता जातायत. दुपारी कधीच नाही. पण आता!"

"बंद करा तो तमाशा!" सुभाष अंगावर ओरडला.

मला काय झालं कुणास ठाऊक... मी स्कूटी बाहेर काढली. "बसा मागे," हानना म्हणाले.

माझ्या खांद्यावरून त्यांचं बोट दिशा दाखवत होतं. सरळ. सरळ. ट्रकच्या मागून. आता वळा. मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं, फक्त कानात घोंघावणारा गरम वारा. हा माणूस चुकला तर? तेवढा वेळ वाया जाईल, आणि आबांच्या हातात तेवढा वेळ आहे का? परत फिरावं असं दोनदा मनात आलं. शेंद्र्याचे ते रुंद, रिकामे रस्ते लागले. दोन्हीकडे अजून न बांधलेले प्लॉट, वाळलेलं गवत.

"स्टॉप," हान कुजबुजले. "दे सिट."

बसल्या! पूर्वी शेतकरी खतासाठी धनगरांना बोलावून आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायचे. हे हानना कोण सांगणार होतं? तारेपलीकडे एका बाभळीखाली आबा बसले होते, डोक्यावर घोंगडं, मांडीवर काठी. मी हाक मारणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू ये पोरी. आत्ता कुठं बसल्यात. उठतील." मग माझ्या मागे बघून, "लंगडी आली का रं हणमंता?"

मराठीत "जेवलात का"च्या पुढे न गेलेले हान वळले. रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "येस."

मी तिथेच भोकाड पसरलं. पाण्याची बाटली पुढे केली तर आबांनी घोटभर घेऊन परत दिली. "दूध पिलो की." मिशीला पांढरं वाळलेलं होतं, ते मी ओढणीने पुसलं. परतताना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी दोनदा बीपी बघितलं आणि म्हणाले, इतक्या उन्हात एवढं चालून हे ठणठणीत कसे? घरी आल्यावर सुभाषने ती ओढणी नाकाला लावली. "मेंढीचं आहे," म्हणाला. लहानपणी तो त्याच दुधावर वाढलाय. ती बाभूळ जिथे आहे तिथे पूर्वी आमचंच शेत होतं, हेही त्यानेच सांगितलं.

दिवाळीनंतर हान कोरियाला परत गेले. आबा तरी रोज जिन्याखाली उभे राहून विचारायचे, आणि मी त्यांना चहाला हाक मारायची. मागच्या आठवड्यात हानचा मेसेज आला. ते तिकडे सोलमध्ये एका उंच इमारतीत राहतात, खाली सगळा हायवे. लिहिलं होतं — मॅडम, कालपासून मेंढ्या इथे. सकाळी, खिडकीखालून. सगळ्या आहेत, लास्ट वन नाही. आबा ठीक?

मी तशीच ओट्यावर धावले. आबा लोकर कातत होते. मेसेज वाचून दाखवला तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

"व्हय. मीच धाडल्यात. एकला राहतो बिचारा."

"आणि लंगडी?"

"ती हितंच हाय. माझ्यासाठी थांबलीय."

मी खूप डोकं चालवलं. आवाजाचे भास, योगायोग, वाटेत कुणी धनगराने पाजलेलं दूध... एकेक गोष्ट ओढूनताणून बसवता येते, सगळ्या मिळून बसत नाहीत. सुभाष म्हणतो, नको विचार करूस. खरं सांगू का, आता मला उत्तर नकोच आहे. आबा अजून चार वर्षं तरी त्या ओट्यावर बसलेले मला हवेत.

परवा सकाळी चटणी करायला घेतली होती. स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडी होती. बोळातून आवाज आला... टुक. मग कितीतरी वेळाने पुन्हा... टुक.

मी खिडकी लावून घेतली आणि मिक्सर सुरू केला. भांड्यात अजून काही घातलंच नव्हतं.