दिसेल तिथे एलव्हीटी

"ग्लोरिया, लीकेज दुप्पट आलंय. हे कोणी केलं?" नायर सरांनी कॉलवर विचारलं.

"मीच, सर."

आगाशीच्या घरून मी काम करत होते. चिप कानाच्या मशीनची. शेंगदाण्याएवढी बॅटरी आठवडाभर टिकलीच पाहिजे, ही क्लायंटची अट. डिझाइन फॅक्टरीला पाठवायला चार दिवस उरले होते.

चिपमध्ये लाखो ट्रान्झिस्टर असतात, म्हणजे बारीक स्विच. स्विच ज्या व्होल्टेजला चालू होतो, तो त्याचा थ्रेशोल्ड. अशा काही स्विचचा तयार गट म्हणजे सेल. थ्रेशोल्ड कमी असलेले सेल म्हणजे एलव्हीटी. ते झटपट चालतात, पण बंद असतानाही त्यांतून करंट गळतो. हेच लीकेज. थ्रेशोल्ड जास्त असलेले एचव्हीटी फारसे गळत नाहीत, पण सावकाश चालतात. सिग्नल वेळेत, म्हणजे चिपच्या क्लॉकच्या पुढच्या ठोक्याआधी, पोचत नव्हते म्हणून मी डिझाइनच्या सॉफ्टवेअरला हवे ते सेल वापरायची मोकळीक दिली आणि त्याने दिसेल तिथे एलव्हीटी घातले. टायमिंग पास झालं, मी खूश!

"क्लायंटला कमी स्पीडवर भागवायला सांगू?"

"नको सर. दोन दिवस द्या."

सगळे सेल पुन्हा एचव्हीटी केले. मग उशीर करणारे मार्ग तेवढे शोधून एकेक सेल बदलत गेले. पप्पा वाडीतून केळी घेऊन आले. त्यांच्याही कानात तसलंच मशीन.

"माझी बॅटरी बरोबर फादरांच्या प्रवचनात संपते," ते म्हणाले.

"त्याबद्दल तुमची कधी तक्रार नव्हती, पप्पा."

दुसऱ्या दिवशी आवाज कमीजास्त करणारा एक भाग अडला. सगळे एलव्हीटी घालूनही उशीरच. शेवटी ते लॉजिक लिहिणाऱ्या सुमेधला फोन केला.

"हे गणित क्लॉकच्या एकाच ठोक्यात संपायला हवं ना?"

"छे, त्याला दोन ठोके चालतात. सांगायचं राहिलं का?"

"राहिलं, सुमेध!"

सॉफ्टवेअरला तेवढी एक ओळ लिहून दिली. त्या भागात एकही एलव्हीटी लागला नाही. लीकेज मर्यादेच्या आत आलं, स्पीडही तसाच राहिला.

"हे आधीच का नाही केलं?" सर म्हणाले. मी म्यूटवर हसले.

काही महिन्यांनी चिप बनून आली. बॅटरी नऊ दिवस चालली.

तेव्हापासून सिग्नलला उशीर होतोय असं दिसलं, की मी आधी विचारते, त्याला घाई आहे का? निम्म्या वेळा नसते.