जवळचा माणूस शोधणारा प्रोग्रॅम

नव्वदचं दशक संपता संपता मी नोकरीपायी नगरजवळच्या केडगावात एकटा राहत होतो. संगणकाच्या एका क्लासात मास्तर. माझ्या आवडीचं काही बोलायला लागलो की समोरचे जांभया द्यायचे. दोष त्यांचा नव्हता. पण रविवारी चहावाल्याशी बोललेली दोन वाक्यं सोडली, तर दिवसभर तोंड उघडायचं कारणच पडत नसे.

तेव्हा मराठी फॉन्टची देवाणघेवाण करणाऱ्यांचं एक जाळं इंटरनेटवर होतं. मध्ये मोठा संगणक नाही, कुणी मालक नाही. याच्या मशीनवरून थेट त्याच्या मशीनवर. गप्पाही मारता यायच्या. यादीत शेकडो टोपणनावं, पण कोण कुठला ते कळत नसे. मला हवा होता सायकलवर जाऊन भेटता येईल असा माणूस. फोनची लाइन दहा मिनिटं टिकली तरी नशीब, तिथे एकेकाला कधी विचारणार? म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. तो यादीतल्या प्रत्येकाला हाक मारायचा आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचा. लवकर ओ देईल तो जवळचा. सेकंदाच्या आत उत्तर नाही, तर तो लांबचा. त्याला दार कायमचं बंद. पुढे त्यानं कितीही हाका मारल्या तरी माझं मशीन घेणार नाही. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

पाच महिन्यांत मुंबईचे दोघे आणि पुण्याचा एक एवढेच सापडले. नगर जिल्ह्यातलं चिटपाखरूही नाही.

मग एका रविवारी दुपारी मशीन बिघडलं. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागलं, त्यात बंद केलेल्यांची यादीही गेली. लाइन जोडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच एकाचा निरोप आला. लई दिवस झाले हाका मारतोय, तुमचं गाव कंचं, असं त्यानं विचारलं होतं. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही आधी हेच विचारतो. मी मात्र सेकंद मोजत बसलो होतो.

केडगाव, मी लिहिलं. उत्तर आलं, "मी पन केडगावातच. पुने रोडच्या पलीकडं."

त्याची इंटरनेटची जोडणी दुसऱ्या कंपनीची होती. त्या काळी दोन कंपन्यांच्या वाटा देशात एकमेकींना मिळतच नसत. त्याची हाक अमेरिकेला जाऊन रस्त्याच्या अलीकडे यायची, तोवर माझा सेकंद उलटून जायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही समुद्रापलीकडून.

आत्ताच या, त्यानं लिहिलं, बदली झालीय, सामान टेम्पोत चढतंय. मी पळतच गेलो. माझ्याच वयाचा, गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. टेम्पोला टेकून आम्ही चहा घेतला. दोन वर्षं हितं काढली, तो म्हणाला, पन बोलायला मानूस न्हाई. पुढे त्यानं साधेपणानं विचारलं, "तुमचं मशीन मला घेत का नव्हतं?"

खोटं सुचलं नाही. "मी तुम्हाला लांबचा धरलं होतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "आता मातर खराच लांब चाललोय," तो म्हणाला आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसला. टेम्पो निघाला. मला रडू आलं, आणि भर रस्त्यात मी ते आवरलंही नाही.