व्हर्लाची खुर्ची

आमच्या टाउनशिपमध्ये डेमोक्रॅट औषधालाही सापडत नाही. पण मतदानाच्या टेबलाशी दोन्ही पक्षांची माणसं बसलीच पाहिजेत, असा आमच्या पेनसिल्व्हेनियाचा नियम. म्हणून अठ्ठावीस वर्षांपूर्वी व्हर्ला क्रॅट्झरने फॉर्मवर आपला पक्ष बदलून डेमोक्रॅट लिहिला आणि अग्निशमन दलाच्या हॉलमधली ती खुर्ची धरली. शेजारच्या खुर्चीत मी, रिपब्लिकन. इतकी वर्षं सोबत बसलो, पण ही बया मनातून कुठल्या पक्षाची, याचा पत्ता लागेल तर शपथ! खोदून खोदून विचारलं, तर म्हणायची, "अर्डिथ, नाक आत घे आणि यादी बघ."

मग तिचा धाकटा भाऊ गेलन विधानसभेला उभा राहायला निघाला. आमच्याकडे खरी लढत रिपब्लिकनांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात. तिथे जिंकला तो नोव्हेंबरात जिंकल्यातच जमा. समोर शहरातला एक विमावाला, तोडीस तोड. आणि प्रायमरीत मत फक्त त्या त्या पक्षात नोंद असलेल्यांना. म्हणजे ज्या पोराला आईच्या माघारी हिने सहाव्या वर्षापासून वाढवलं, त्यालाच हिला मत देता येईना!

"नोंद बदल की," गेलन म्हणाला. "पंधरा दिवस आधीपर्यंत चालतं."

"मग खुर्चीत कोण बसणार?"

"बसेल कुणीतरी."

"कोण? नाव सांग."

त्याला एक नाव सुचेना. माणूस नसला, तर काउंटीवाले आमचं केंद्र बंद करून आठ मैलांवर ढकलायला टपलेलेच होते. म्हातारीकोतारी मतदानाला गेलीच नसती. व्हर्लाने नोंद बदलली नाही.

गेलन एका मताने हरला. फेरमोजणीतही तेवढंच.

मी तिच्या स्वयंपाकघरात होते तेव्हा तो आला. "तुझं मत पडलं असतं तर बरोबरी झाली असती, व्हर्ला. चिठ्ठ्या टाकल्या असत्या. निदान नशिबाने तरी हरलो असतो!" दार आपटून गेला.

व्हर्ला चिकन-मक्याचं सूप ढवळतच राहिली. मग म्हणाली, "चुकले का गं मी?"

"चुकलीस," मी म्हटलं. मलाही राग आला होता. घरी येईपर्यंत माझं मलाच वाईट वाटायला लागलं.

आठ महिने भाऊ बहिणीकडे फिरकला नाही. आणि हिवाळ्यात बातमी आली, गेलनने डेमोक्रॅट म्हणून नोंद केली! लोक म्हणाले, हरल्यामुळे डोकं फिरलंय. मला राहवतंय होय? गेले त्याच्या दुकानात.

"पुन्हा उभं राहायचं नाही का रे?"

"आता रिपब्लिकन कशाला उभं करतील मला?"

"मग हे खूळ कशाला?"

तो खिळे निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "त्या खुर्चीत कुणीतरी बसायला हवं ना? एकदा तरी तिला मनासारखं मत देता येऊ दे."

पुढच्या विधानसभेच्या प्रायमरीला माझ्या शेजारी गेलन. सकाळी दहाला व्हर्ला चर्चचा पोशाख घालून आली, आता रिपब्लिकन.

"नाव?" गेलनने गंभीरपणे विचारलं.

"शाळेत तुझं नाव मीच घातलं, मेल्या."

त्याने यादीत तिची सही घेतली, मी मतपत्रिका दिली. पत्रिकेवर विधानसभेला एकच छापील नाव होतं, त्या विमावाल्याचं. खाली रिकामी ओळ. कुणाला दुसरं नाव लिहायचं तर लिहावं. आडोशामागे ती इतका वेळ उभी राहिली, की रांगेतले लोक कुरकुरायला लागले.

संध्याकाळी दार लावून आम्ही हाताने लिहिलेली नावं मोजायला घेतली. मी वाचायचं, गेलनने तक्त्यात भरायचं. एक पत्रिका उचलली आणि दिव्याजवळ नेली. इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलेलं अक्षर.

"वाच की."

"गेलन क्रॅट्झर," मी वाचलं. "एक."

त्याचा पेन थांबला. "अर्डिथ, हे अक्षर..."

"मतदान गुप्त असतं!" मी खेकसले. माझे डोळे भरून आले होते.

त्याने तक्त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, पुढे एक मांडला. चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"पुढचं वाच," तो म्हणाला.