मानेवरचा मळ

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे आधीच सांगते.

त्या शिमग्याला आम्ही सासरी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत गेलो होतो. लेक दहा वर्षांची. वाडीत तिचं भारी कौतुक झालं. "महाडचं पाणी मानवलंय हो पोरीला," असं म्हणत जो तो तिचे गाल ओढी, आणि मी आपली फुशारत होते. मी स्वतः लहानपणी काडीसारखी. लेकीला काही कमी पडू द्यायचं नाही, हे ठरलेलंच. ती शाळेतून रिक्षाने आली की दारातच वेफर्सचं पाकीट, वर थंड गोड बाटली. नको म्हणाली तर मीच रागवायचे.

पालखी अंगणात आलेली, चार बायका जमलेल्या, तेवढ्यात मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "महाडात पाणी नाय काय गो? पोरीची मान बघ, किती मळ हाय!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मानेवर खरंच काळा पट्टा होता. दुसऱ्या दिवशी तिला मोरीत बसवलं आणि वाळल्या घोसाळ्याच्या जाळीने घासायला घेतलं. "एवढी घोडी झालीस, अंग धुता येत नाही? लाज आणलीस चारचौघांत!" ती रडत होती, मी घासत होते. महाडला परतल्यावरही दर रविवारी तेच. मान लाल व्हायची, सोलायची, पट्टा काही जाईना. मग मी आणखी जोर लावी.

शेवटी सोललेल्या जागी पू धरला, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं, रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "अहो, हा मळ नाहीच. वजन फार वाढलंय, त्याने कातडी काळी पडते. साखरही वाढायला लागलीय. खाणं बदला, चालवा तिला. आणि ते घासणं आधी बंद करा."

म्हणजे तो पट्टा मीच पाकिटं चारून आणला होता, आणि वर शिक्षाही तिलाच देत होते. शरम वाटली मला स्वतःची.

बाहेर आल्यावर तिने हळूच विचारलं, "आई, म्हणजे मी नीट धूत होते ना गं?"

"हो गं राणी," म्हणाले.

आता पाकिटं बंद आहेत. शाळेपर्यंत दोघी चालत जातो, पट्टाही थोडा फिका झालाय. काल वाटेत सहज तिच्या मानेवरून हात फिरवायला गेले, तर तिने खांदे वर ओढून डोळे घट्ट मिटून घेतले.