खाशी

गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत होते. आई चार घरची भांडी घासायला लागली आणि उभा जन्म साच्यावर कापड विणण्यात काढलेले बाबा माझगावच्या एका बंगल्यात माळी झाले. महिनाअखेर आमच्याकडे नुसती पेज असायची. शाळेचं तोंड बाबांनी पाहिलं नव्हतं.

बंगला विकला गेला तेव्हा मालकीणबाईंनी जाताना त्यांना घटपर्णीचं रोप दिलं. पानाच्या टोकाला झाकण असलेला घट, त्यात माश्या पडून मरतात. लालबागला आमच्या खोलीपुढच्या गॅलरीत बाबांनी ते टांगलं. नळाचं पाणी तिला सोसत नाही, म्हणून खालच्या दवाखान्याच्या एसीचं ठिबकणारं पाणी बाटलीत धरून आणायचे. शेजारची काकी म्हणायची, "अगो, बापाशीक सांग, ढेकूण खाणारा झाड हाड!" माश्यांचं नको, ढेकणांचं आणा, असं तिचं म्हणणं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वनस्पतिशास्त्र घेतलं. शेवटच्या वर्षी प्रकल्प मिळाला, कुंड्यांतल्या घटपर्णींच्या जाती ओळखायच्या.

"बाबा, मालकीणबाईंनी हिचं नाव काय सांगितलेलं?"

"खाशी."

"छान आहे ते मलाही दिसतंय. नाव विचारतेय."

"ताच सांगतंय. खाशी."

मी हसले. "आठवत नसेल तर तसं सांगा ना."

ते बाटली घेऊन पाणी आणायला खाली गेले.

घटपर्णीचे बुंध्याजवळचे घट वेगळे दिसतात आणि वेल चढल्यावर येणारे वेगळे. दोन्ही पाहिल्याशिवाय जात सांगू नये. आमची वेल काकीच्या कपड्यांच्या दोरीला पोचली की आई शेंडा छाटायची, त्यामुळे वरचे घट कधी आलेच नव्हते. मी खालच्या बुटक्या घटांवरून ठोकून दिलं, नर्सरीतला संकर. पैकीच्या पैकी गुण मिळाले. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, "तू शिकलंस. तू सांगतंस ताच खरा."

त्यानंतर त्यांनी तिला खाशी म्हटलं नाही. पाणी मात्र आणत राहिले.

पुढं ते वर्षभर अंथरुणाला खिळले. छाटणीचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ते गेले त्या महिन्यात वेल छपराला टेकली होती आणि तिला लांबट, खालच्या घटांसारख्या पंखाच्या झालरी नसलेले घट लटकत होते. त्यातला एक, पान आणि खोडाच्या तुकड्यासकट, घेऊन मी लायब्ररीत बसले. पानाचा तळ खोडाला कसा बिलगतो, घटाची कड किती अरुंद, एकेक लक्षण ताडून पाहिलं. मेघालयातल्या खासी डोंगरांतली, आपल्या देशातली एकुलती एक घटपर्णी.

खासी. ते नाव सांगत होते आणि मी ते कौतुक समजले. माफी मागायला बाबाच उरले नव्हते. तिथेच, सगळ्यांसमोर, मी ओक्साबोक्शी रडले.

एमएस्सीच्या प्रबंधात मी ती नोंद दुरुस्त केली. त्या वेलीच्या छाटापासून केलेली कुंडी आज आमच्या कॉलेजच्या हरितगृहात आहे. पाटीवर जातीचं नाव आहे आणि 'ओळख पटवणारे' यापुढं बाबांचं.