गाऊन सांगायचा वर्ग

अख्तरबानू शेख पहिल्यांदा माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांनी आधी विचारलं, शेजाऱ्यांना त्रास होईल का. मी जागा देते असं अजून म्हटलंही नव्हतं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझं घर. यजमान गेल्यापासून पुढची मोठी खोली तशी रिकामीच होती, आणि मुलांच्या गाण्याच्या वर्गासाठी कोणी बाई जागा शोधते आहे असं वाण्याकडे कानावर आलं होतं. माझ्या डायरीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: पेटीवाल्या बाई आल्या. चहा घेतला नाही. फार काळजी करतात.

ही नोंद मला पुढे कधी बदलावी लागली नाही. अख्तरबानू हवी त्याच्या आधीचीच बस पकडायच्या आणि लवकर पोचल्या म्हणून फाटकाजवळच्या बाकावर बसून राहायच्या. आत या म्हटलं तर म्हणायच्या, "नको बाई, वेळ नाही झाली." पेटी माझ्याकडेच असायची. ती उघडल्यावर पदरानं एकेक पट्टी पुसायच्या, पुसून झालेली पुन्हा पुसायच्या.

त्यांचं बालपण गंज पेठेत गेलं. वडिलांचा बँड होता, लग्नांत आणि मिरवणुकांत वाजवणारा. वडील स्वतः क्लॅरिनेट वाजवत. मुलींनी बँडमध्ये जायची पद्धत नव्हती, म्हणून बाहेरच्या खोलीत तालीम चालली की ही आत बसून जुन्या पेटीवर तेच सूर शोधायची. नासिरभाईंशी लग्न झालं. ते पिंपरीकडच्या एका कारखान्यात होते. नव्वदनंतर नवी यंत्रं आली, जुनी माणसं घरी बसवली गेली, त्यांत नासिरभाईही होते. मग अख्तरबानू शिकवायला बाहेर पडल्या. एका क्लासमध्ये मुलांना गाण्याच्या परीक्षांना बसवायचं काम मिळालं. ते त्यांनी सोडलं, कारण मुलं राग पाढ्यांसारखे म्हणत होती आणि पाढ्यांसारखेच विसरत होती.

माझ्याकडे सुरू झालेला वर्ग वेगळा होता. मुलं चटईवर गोल बसायची. बानूताई (मुलं त्यांना असंच म्हणत) पेटीवर एकच सूर धरून ठेवायच्या, आणि ज्याचा नंबर येईल त्यानं आज काय झालं ते गाऊन सांगायचं. चाल स्वतःची. कोणी सिनेमातली चाल उचलली तर त्या म्हणायच्या, "ही छान आहे, पण दुसऱ्याची आहे. तू रागावतोस तेव्हा तुझा सूर कुठे जातो?" एका मुलानं, घरात नवा कॉम्प्युटर आला आहे आणि त्याला हात लावायचा नाही, यावर असं गाणं केलं की मी आतल्या खोलीत हसू दाबत बसले. वर्गात नियम एकच होता: गाणारा थांबला तर सगळ्यांनी थांबायचं. त्याचा शब्द दुसऱ्यानं सांगायचा नाही.

मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे प्रार्थनेला सिस्टरनी मला शेवटच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं की तू नुसते ओठ हलव. मी शाळा संपेपर्यंत ओठ हलवले. म्हणून असेल, वर्गाच्या दिवशी मी दार किलकिलं ठेवून ऐकत असे.

पालकांचं समाधान मात्र होत नव्हतं. परीक्षा कधी, सर्टिफिकेट कधी, हे सगळे विचारत. काहींनी मुलं काढून घेतली आणि कीबोर्डच्या क्लासला घातली. प्रत्येक मूल गेलं की अख्तरबानू मला विचारायच्या, माझं काही चुकतंय का.

सोनू आमच्या वरच्या मजल्यावरची. आठ वर्षांची. तिचे वडील माधव वानखडे अमरावतीचे, सॉफ्टवेअर कंपनीत. सन दोन हजार येणार, सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी तेव्हा भीती होती. त्या कामामुळे हा गृहस्थ दिवसचे दिवस दिसत नसे. सोनू बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर अडकायचं, मान ताणली जायची, डोळे मिटले जायचे. ते बघवत नाही म्हणून तिची आई प्रियदर्शनी तो शब्द पुरा करायची. सोनूच्या तोंडातून नुसतं "पा" निघालं की आई म्हणणार, पाणी? सोनू मान हलवणार. कधीकधी तिला पाटी हवी असायची, तरी ती पाणी पिऊन जायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

वर्गात यायला लागल्यावर पहिले कित्येक आठवडे ती नुसती बसून होती. तिचा नंबर आला की अख्तरबानू सूर धरायच्या, सगळे थांबायचे, आणि थोड्या वेळानं त्या पुढच्या मुलाकडे वळायच्या. मग एके दिवशी सोनूनं अगदी बारीक आवाजात, दोन सुरांत गायलं: "शाळेत मी हात वर केला, बाईंनी बघायच्या आत खाली घेतला." एकही अक्षर अडलं नाही. अख्तरबानूंनी शाबासकी दिली नाही. त्यांनी तिला फक्त विचारलं, खाली घेतलास तेव्हा सूर वर होता की खाली? सोनूनं विचार करून तीच ओळ पुन्हा गायली, आणि या वेळी शेवट खाली नेला.

पुढच्या भाद्रपदात घोटाळा झाला. सोसायटीच्या गणपतीची आरती पार्किंगमध्ये होते. सोनू पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत सगळ्या आरत्या म्हणायची, मंत्रपुष्पांजलीसुद्धा, न अडखळता. सेक्रेटरी मच्छिंद्रराव खूश झाले. मुलांच्या कार्यक्रमाचं निवेदन या वेळी सोनू करणार, असं त्यांनी प्रसाद वाटता वाटता जाहीर केलं. माधव हसून हो म्हणाला. प्रियदर्शनीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी बरी झाली.

दुसऱ्या दिवशी मी हे अख्तरबानूंना सांगितलं, तशी त्यांनी पेटीचा भाता लावून टाकला.

"बाई, पन्नास माणसांबरोबर म्हणणं निराळं आणि माईकसमोर एकटीनं बोलणं निराळं," त्या म्हणाल्या. "पण मी कशी सांगू? आरतीबद्दल मी काही बोलले तर लोक काय म्हणतील?"

ही भीती खोटी होती असं मला म्हणता येईना. मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर वर येते. आम्ही दोघी गेलो. प्रियदर्शनीनं खुर्च्या दिल्या, पण तिचा चेहरा मिटत गेला. सोनूमध्ये कॉन्फिडन्सच कमी आहे, एक्स्पोजर मिळालं की होईल, असं तिचं म्हणणं. माधव त्या दिवशी घरी होता.

"काहून घाबरता, बानूताई?" तो म्हणाला. "पोरगी कशी खणखणीत म्हणून राहिली, पाहिलं ना आजींनी? आता पुढं नाही केलं, तर कधी करायचं?"

सोनू कोपऱ्यात चित्राला रंग देत होती. ती रंगच देत राहिली.

अख्तरबानूंनी मच्छिंद्ररावांनाही गाठलं. निवेदन सोनूनं गाऊन केलं तर चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, कीर्तन आपण पुढच्या वर्षी ठेवू, या वर्षी विविध गुणदर्शन आहे. मी मध्ये बोलले, तर मला म्हणाले की आजी, तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसा, थंडाई मिळेल.

तो आठवडा मला आठवतो. अख्तरबानू रोज फोन करायच्या, त्यांच्या शेजारच्या दुकानातून. सोनू जेवते का, शाळेत जाते का, काही बोलली का. मी वर जाऊन यायचे. सोनू पाठ केलेली वाक्यं आईला म्हणून दाखवत होती आणि आई पुढचे शब्द पुरवत होती. मी एकदाच म्हटलं, जरा थांबून बघ. प्रियदर्शनी म्हणाली, "थांबलं तर ती आणखी अडकते हो आजी. मला नाही बघवत."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सोनू नवा परकर-पोलका घालून, हातात माईक घेऊन स्टेजवर उभी राहिली. स्टेजच्या बाजूला अख्तरबानू पेटी घेऊन बसल्या होत्या, मुलांच्या समूहगीतासाठी. "सर्वांचं स्वागत" हे पहिलंच वाक्य. सोनूचा स अडला. माईकमधून नुसता वारा आल्यासारखा आवाज येत राहिला. तिची मान ताणली गेली. मागे कोणीतरी मूल हसलं. पहिल्या रांगेतून प्रियदर्शनी मोठ्यानं म्हणाली, "सर्वांचं, सोनू, सर्वांचं." आणि त्याच वेळी अख्तरबानूंनी पेटीवर वर्गातला तो सूर धरला, गाऊन सांग म्हणून.

सोनूनं आईकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. माईक खाली ठेवला आणि स्टेजवरून उतरून स्कूटरच्या रांगेमागे गेली. मच्छिंद्ररावांनी माईक उचलला आणि कार्यक्रम सुरू केला. लोकांनी उगाचच टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सोनू बोलेचना. अडखळणंही नाही. घरात मान हलवायची, शाळेत मान हलवायची. वर्गशिक्षिकेनं प्रियदर्शनीला बोलावून घेतलं. माझी झोप उडाली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून या पोरीचं तोंड कायमचं बंद केलं की काय, या विचारानं देवापुढे बसूनही मन लागत नव्हतं. अख्तरबानूंचा फोन आला की मी घाईघाईनं काही नाही, काही नाही म्हणायचे, आणि त्या फोन ठेवतही नसत.

वर्गाच्या दिवशी माधव ऑफिसची बॅग खांद्याला लावूनच खाली आला. सोनू त्याच्याबरोबर होती. सोनूचा वर्ग बंद करतो हे सांगायला तो आला होता. दारातच त्यानं सांगितलं, गाणं शिकून काय उपयोग झाला, उलट होतं तेही गेलं. अख्तरबानू एकदम उभ्या राहिल्या होत्या.

"तुमचं बरोबर असेल, माधवभाऊ," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस बसू द्या तिला. मग न्या."

त्यानं घड्याळ पाहिलं आणि चपला न काढता उंबऱ्यापाशी उभा राहिला. सोनू चटईवर जाऊन बसली. मुलांनी एकेक करून गायलं. सोनूचा नंबर आला. सूर धरला होता. सगळे थांबले. मी आतल्या दाराला टेकून उभी होते. वाटत होतं, या बाईनं आता पुढच्या मुलाकडे वळावं, माधवनं सगळं पाहिलंच आहे. त्या वळल्या नाहीत.

मग सोनू गायला लागली. चाल गोड नव्हती. एकाच सुरावर ती पुन्हा पुन्हा आपटत होती, दार वाजवावं तशी.

"काकांनी माईक दिला, मला विचारलं नाही. बाबांनी हो म्हटलं, मला विचारलं नाही. आईनं माझा शब्द घेतला, मला विचारलं नाही."

ती थांबली. पेटीकडे बघून आवाज आणखी वर नेला.

"बानूताईंनी पेटी वाजवली. मला विचारलं नाही."

अख्तरबानूंनी सूर सोडला नाही. सोनूचं संपेपर्यंत धरून ठेवला, आणि मग हळूच पेटी बंद केली.

माधव चपला काढून आत आला होता. कधी काढल्या ते मी पाहिलं नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मग आम्ही काय करायचं होतं, बेटा?"

सोनूनं तोंड उघडलं. या वेळी ती गात नव्हती. अक्षर अडलं, मान ताणली, डोळे मिटले. माधवचे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले आणि त्यानं ते हातानं दाबून धरले.

"वि... वि... विचारायचं."

किती वेळ लागला कुणास ठाऊक.

"माझंही चुकलं," अख्तरबानू म्हणाल्या. "आता विचारते. तू अडलीस तर मी सूर देऊ की नको?"

सोनूनं बराच विचार केला. माधव तिच्याकडे बघत होता, खांद्यावरची बॅग घसरून कोपरावर आली होती, तरी त्यानं ती सावरली नाही.

"आ... आत्ता नको," ती म्हणाली. "मी सां... सांगेन."

अख्तरबानूंनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं. माधव उठला नाही. वर्ग संपेपर्यंत तो तिथेच चटईच्या कडेला बसून राहिला.